बाळगोळी ते मोबाईल : मुलांच्या सवयी आणि घरची परिस्थिती

"डॉक्टर, मोबाईल लावल्याशिवाय हा एक घास तोंडात घेत नाही."

कोलशेत, ढोकाळी, मनोरमानगर भागातल्या पालकांकडून हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. चाळीत राहणारी आई हे सांगते आणि पंचविसाव्या मजल्यावर राहणारीही सांगते. त्यानंतरचं वाक्य बहुतेक वेळा सोबत आलेल्या आजीचं किंवा वडिलांचं असतं, "हिनेच लावली सवय."

आजचा लेख या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. मुलांच्या खाण्याच्या, झोपेच्या, खेळण्याच्या सवयी आईच्या लाडामुळे किंवा अडाणीपणामुळे लागतात, असं आपण सहज धरून चालतो. जुन्या नोंदी पाहिल्या तर वेगळं दिसतं. घरात पैसा किती आहे, जागा किती आहे, पाणी किती वेळ येतं आणि मुलाजवळ बसायला मोकळं माणूस आहे का, यावर मुलाच्या बऱ्याचशा सवयी ठरतात. मुंबई-ठाण्यात याचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण आजच्या मोबाईलचं उत्तरही त्यात आहे.

गिरणीतली आई आणि अफूची गोळी

१९२० च्या आसपास मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका कामाला होत्या. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर त्यांची काय स्थिती असते हे तपासायला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये आला. त्यातला एक आकडा आजही वाचवत नाही. कामगार स्त्रियांच्या दर १०० तान्ह्या बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती.

ही अफू 'बाळगोळी' या नावाने मिळे. आपल्याकडच्या हळकुंड, हिरडा, वेखंड उगाळून देतात त्या बाळगुटीशी हिचा गोंधळ करू नका. बाळगोळीत खरी अफू असायची, आणि त्या काळी अफू परवाना असलेल्या दुकानात उघड विकली जायची.

अफू दिलेलं बाळ रडत नाही. त्याला भूक जाणवत नाही, पोट साफ होत नाही, ते तासन् तास गुंगीत पडून राहतं. दूध कमी पितं म्हणून वजन वाढत नाही. मात्रा थोडी जास्त झाली किंवा बाळाला न्यूमोनिया झाला तर श्वास मंदावतो आणि थांबतोही. अफूने किती बाळं गेली याची मोजदाद कुणी केली नाही. नोंदीत कारण लागायचं ते 'अशक्तपणा' किंवा 'छातीचा विकार'.

मग आया असं का करत होत्या? प्रेम कमी होतं म्हणून? त्या आईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. गिरणीत दहा-अकरा तास काम. सासू कोकणात किंवा घाटावर गावी. खोली एकच, तीही पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांनी भरलेली. शेजारीण लक्ष ठेवायची, पण तिचीही दोन असायची. अशा घरात बाळ दिवसभर रडलं तर आईची नोकरी जाणार आणि नोकरी गेली तर सगळ्यांचंच पोट जाणार. बाळगोळी ही त्या खोलीतली सगळ्यात स्वस्त दाई होती.

खोलीचा मुद्दा मी उगाच काढत नाही. मुंबईच्या आरोग्य खात्याने बालमृत्यूंची विभागणी चक्क खोल्यांच्या संख्येनुसार केली होती. १९२१ साली एका खोलीच्या बिऱ्हाडांत नोंदलेल्या दर १,००० जन्मांमागे ८२८ अर्भकांचे मृत्यू होते. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत हाच आकडा १३३. पहिला आकडा बराच फुगलेला आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद गावात व्हायची आणि मृत्यूची मुंबईत. पण फुगवटा वजा केला तरी दोन घरांमधलं अंतर प्रचंड उरतं. शहर एकच, हवा एकच, पटकी-देवी त्याच. फरक खोल्यांचा, म्हणजेच मिळकतीचा.

अडाणी मजूरबायकांना उपदेश करायला तेव्हाही पुष्कळ लोक पुढे होते. पण उपयोग झाला तो दुसऱ्या प्रकारच्या उपायांचा. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला असा पहिला. त्या विधेयकाला पाठिंबा देताना १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. काही गिरण्यांनी पाळणाघरं काढली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं झालं, आणि पुढे ही मर्यादा ३० वर आली. पाळणाघर म्हणजे बाळाजवळ एक जागं माणूस. बाळगोळीला खरा पर्याय तोच होता.

बोर्डीचं अंगण

याच प्रश्नाचं दुसरं उत्तर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात सापडलं. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या बोर्डी गावात १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. ती का येत नाहीत, हे पालकांना रागावून विचारण्याऐवजी त्या वस्तीत जाऊन पाहू लागल्या.

कारणं साधी होती. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळत होती. मुलगा गुरांमागे होता. आंघोळ घालून, केस विंचरून, स्वच्छ कपड्यात मूल पाठवायला आईकडे सकाळी वेळ नव्हता, पाणी नव्हतं आणि दुसरा कपडाही नव्हता. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तिथे आधी मुलांना आंघोळ, नखं कापणं, वेणीफणी आणि त्यानंतर गाणी, खेळ, मोजणी. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली, म्हणजे गुरं चरतात तिथेच शाळा. शाळेच्याच आवारात पाळणाघर ठेवलं, म्हणजे बहिणीने धाकट्याला तिथे सोपवावं आणि स्वतः वर्गात बसावं.

डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. नखं कापा, हात धुवा हे सांगणं सोपं आहे. ताराबाईंनी पाणी, साबण आणि नखं कापणारं माणूस मुलाच्या दारात नेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशभर हा मराठी शब्द चालतो. तो आपल्या जवळच्या एका अंगणातून आला, हे अंगणवाडीत मूल घालणाऱ्या आयांनाही फारसं माहीत नसतं.

गरिबांसाठी काढलेलं दूध

खाण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन बॉइड ऑर यांनी कुटुंबांचे मिळकतीप्रमाणे सहा गट केले आणि कोण काय खातं ते मोजलं. पाव आणि बटाटे सगळीकडे साधारण सारखेच. मिळकत वाढत गेली तसं दूध, फळं, भाज्या, अंडी वाढत गेली, आणि त्याबरोबर मुलांची उंचीही. गरीब आईला पोषण कळत नाही, हा समज तिथेही होता. तिला कळत होतं, पण दूध परवडत नव्हतं.

आपल्याकडे त्यावर एक भारी युक्ती निघाली. आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे, गोरेगावच्या आरे दूध वसाहतीशी निगडित दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये टोन्ड दूध आणलं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणायचा आणि प्रथिनं मात्र टिकवायची. एका म्हशीच्या दुधात जास्त मुलांची सोय झाली, तीही स्वस्तात. याच खुरोडींना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज टोन्ड आणि स्किम्ड दुधाच्या पिशव्या टॉवरमधली मंडळी वजन कमी करायला घेतात. गंमत आहे, पण या गमतीतच आपला पुढचा विषय दडलेला आहे.

कोलशेत बदललं तसं

आता आपल्या परिसराकडे या. कोलशेत मूळचं खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. भातशेती, मासेमारी, नंतर रेतीचा धंदा. घरात तांदळाची भाकरी आणि ओली किंवा सुकी मासळी. पावसाळ्यात भाजी महाग झाली तरी सुकट आणि जवळा असायचाच. तो सालासकट खाल्ला जातो, त्यामुळे प्रथिनांबरोबर कॅल्शियमही भरपूर मिळतं. गरिबाच्या ताटातली ही श्रीमंती होती, आणि मी तिची आठवण आजही पालकांना करून देतो.

मग कोलशेत रोडवर कारखाने आले. सँडोझ, बायर. पाळीचा भोंगा, महिन्याचा पगार. सँडोझचा रसायन विभाग १९९५ मध्ये वेगळा होऊन क्लॅरियंट झाला, पण रिक्षावाले अजून 'सँडोज बाग'च म्हणतात. २०१० नंतर या कारखान्यांच्या जमिनी बांधकाम कंपन्यांनी घेतल्या आणि तिथे टॉवर उभे राहिले. आजोबा शेतात किंवा होडीवर, वडील कारखान्यात, नातू टॉवरमध्ये किंवा टॉवरच्या सावलीतल्या चाळीत, असा प्रवास इथल्या कितीतरी घरांनी तीन पिढ्यांत केला.

या प्रवासात मुलांचं काय झालं? खेळणं आता जागेवर अवलंबून आहे. टॉवरच्या फाटकाआत झोके, सायकलीची वाट, पोहण्याचा तलाव. फाटकाबाहेरच्या मुलाला रस्ता आहे, आणि त्यावर डंपर. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलशेतला साडेवीस एकरांचं सेंट्रल पार्क उघडलं, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. मोठी झाडं, मोकळी हवा. पण त्याला तिकीट आहे. रविवारी एकदा चार जणांचं कुटुंब ते काढेल. रोज संध्याकाळी मुलाला तासभर पळू द्यायचं तर घरकाम करणाऱ्या बाईला ते झेपेल का? आणि मुलांना व्यायाम रोज लागतो, रविवारी एकदा करून भागत नाही.

वेळेचंही तसंच. एखाद्या अभ्यासात कुटुंबाची आर्थिक-सामाजिक पातळी ठरवायची असली की आम्ही डॉक्टर बहुधा कुप्पुस्वामी श्रेणी वापरतो. १९७६ सालची ही पद्धत. शिक्षण, व्यवसाय आणि मिळकत या तीन गोष्टींना गुण देऊन बेरीज करायची, आणि मिळकतीचे आकडे महागाईप्रमाणे अधूनमधून बदलायचे. उपयुक्त आहे, पण आई-बाप जागेपणी किती तास घरी असतात, हे ती विचारत नाही. ठाणे स्टेशनहून रात्री साडेआठला उतरून रिक्षाच्या रांगेत उभी राहणारी बँकेतली आई आणि पाच घरची भांडी करून परतणारी आई या श्रेणीत खूप लांब आहेत. रात्री नऊ वाजता मुलाला भरवताना दोघी सारख्याच थकलेल्या असतात. मोबाईल दोन्ही घरांत आहे तो त्यामुळे.

फरक पडतो तो पुढे. पहिलीकडे बाई ठेवायला, नृत्याच्या वर्गाला, फळांना पैसे आहेत. दुसरीच्या मुलाला शाळेतून आल्यावर पाच रुपयांचा पुडा हे परवडणारं आणि स्वतः फोडून खाता येणारं एकमेव खाणं असतं. गॅसजवळ जायची त्याला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

एकाच रस्त्यावर दोन आजार

या परिस्थितीची शरीरावरची नोंद राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने बुटकी होती आणि ६ महिने ते ५ वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी होतं. त्याच पाहणीत वजन जास्त असलेली मुलं ४.१ टक्के निघाली. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत ती १.९ टक्के होती. चार-पाच वर्षांत दुपटीहून जास्त.

कुपोषण गरिबाचं आणि लठ्ठपणा श्रीमंताचा, असं तुम्ही यावरून म्हणाल. साधारणपणे ते खरंही आहे. पण आपल्या शरीराची एक खोड पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिली आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी यडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

याचा अर्थ असा की ज्या घरात आजी-पणजी अर्धपोटी राहिली, त्या घरातलं मूल कमी वजनाचं जन्मतं आणि साठवून ठेवण्याची सवय शरीरात घेऊन येतं. अशा मुलाला पुढे भरपूर खाणं आणि बैठी दिनचर्या मिळाली तर मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात. कोलशेतसारख्या, तीन पिढ्यांत झपाट्याने वर आलेल्या घरांना हा धोका सगळ्यात जास्त. म्हणून "आमच्याकडे आता काही कमी नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या आजोबांच्या नातवाचं पोट मी जरा जास्त बारकाईने पाहतो.

आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासात दिसली. आईने गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जितक्या नियमाने घेतलं तितकं बाळाचं वजन चांगलं होतं. नुसत्या जास्त उष्मांकाचा तसा संबंध दिसला नाही. मेथी, माठ, शेपू, अळू यातली कुठलीच भाजी मॉलमधून आणावी लागत नाही.

तुमच्या घरात काय करता येईल

मोबाईलपासून सुरू करू. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. पण तुम्ही एकट्या असाल, कुकर लावायचा असेल आणि मूल रडत असेल तर ही शिफारस घड्याळाकडे पाहून रोज मोडणार, हे मला कळतं. निदान जेवण आणि झोप या दोन वेळा मोबाईलपासून वाचवा. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि भूक लागल्याचंही. सुरुवातीचे चार-पाच दिवस ते कमी जेवेल. निरोगी मूल त्याने अशक्त होत नाही. भरवायचं काम दिवसातून एक वेळ वडिलांनी घ्यावं. हा सल्ला मी औषधासारखा चिठ्ठीवर लिहून देतो, कारण तोंडी सांगितलेला घरी पोहोचत नाही.

संध्याकाळी मूल एकटं असेल तर शेंगदाणे-गूळ, फुटाणे, उकडलेलं अंडं, केळं, सकाळची भाकरी आणि दही असं गॅसशिवाय खाता येईल ते हाताशी ठेवा. पुड्यांपेक्षा हे फार महाग पडत नाही. खेळाला मोठं मैदान लागतंच असं नाही. पाच वर्षांवरच्या मुलाला रोज सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल हवी. गावदेवीचं पटांगण, शाळेचं आवार, चाळीची गच्ची यांतली एक जागा चार पालकांनी आळीपाळीने सांभाळली तरी चालतं. सोसायटीत राहत असाल तर तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं मूल तेवढा वेळ कुठे असतं, हे एकदा विचारा.

उंचीची नोंद ठेवा. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वर्षात चारपेक्षा कमी वाढलं तर दाखवायला आणा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तरीही आणा, वजन 'नॉर्मल' दिसत असलं तरी. पाच वर्षांखालच्या मुलाचं वजन-उंची अंगणवाडीत फुकट होते, आणि टॉवरमधल्या मुलालाही तिथे कुणी अडवत नाही.

आणि एक शेवटची गोष्ट. बाळगोळी गेली असं समजू नका. सर्दीच्या सिरपने झोप येते हे पुष्कळ घरांत माहीत झालं आहे. लांबच्या प्रवासात, लग्नघरी किंवा आईची रात्रपाळी असली की एक चमचा दिला जातो. सर्दीच्या पुष्कळ सिरपमध्ये असणारं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. घरी अशी अर्धी उरलेली बाटली असेल तर ती आजच टाकून द्या. मूल रात्री झोपतच नसेल तर त्याला घेऊन या, आणि येताना तुमच्या घरचं दिवसभराचं वेळापत्रक कागदावर लिहून आणा. कोण किती वाजता घरी असतं तेही त्यात लिहा.